पौर्णिमेला तोडलेला बांबू

मोहर्ली गावात ध्यानगृह उभं राहत होतं आणि मालकांना सगळं स्थानिक हवं होतं. माती मोहर्लीची, बांबू एटापल्लीकडचा, कारागीर गावातला. अक्कल तेवढी ते पुण्याहून घेऊन आले होते.

नकाशा माझा होता. बारा कोनांची भिंत, मधोमध वर्तुळ, वर एका बिंदूत मिळणारे बारा बांबू. ‘पवित्र भूमिती’ हा शब्द मालक दिवसातून दहादा उच्चारायचे. मलाही तो आवडायचा, खोटं कशाला बोलू. पण कागदावरचे कोन जमिनीवर उतरवले ते एका म्हाताऱ्या माणसाने, खुंट्या ठोकून आणि दोरी ताणून. तो तलावात मासे धरणारा. माशांचे सापळे विणता विणता त्याला बांबू कळला होता. गावातल्या लग्नांचे मांडव, गोठ्यांची छपरं त्याच्याच हातची.

बांबूची तोड कधी करायची यावर गाडं अडलं. मालक म्हणाले, पौर्णिमेला करू, पूर्ण चंद्राची ऊर्जा बांबूत उतरते. म्हातारा माझ्याकडे वळला.

“बाई, चांदन्यात बांबू तोडत नाई जी. तवा त्यात रस भरला रायते, किडे लागते. अंधाऱ्या पाखात तोडा, महिनाभर तलावात बुडवून ठेवा. मंग नातू म्हातारा होईल, पन बांबू सडनार नाई.”

“अंधश्रद्धा!” मालक हसले. चंद्राची ऊर्जा मानणारा माणूस दुसऱ्याला अंधश्रद्धाळू म्हणत होता! माझं डोकं तापलं, पण मी वहीत पौर्णिमाच लिहून घेतली. उद्घाटनाची तारीख ठरली होती आणि दारावरच्या पाटीवर वास्तुकार म्हणून माझं नाव लागणार होतं. म्हाताऱ्याने तीनदा सांगून पाहिलं. शेवटी हुकूम म्हणून पौर्णिमेला बांबू तोडला.

वर्ष पुरतं सरलंही नाही, तोच ध्यानाला बसलेल्यांच्या डोक्यावर पिवळं पीठ गळू लागलं. बांबू आतून पोखरला होता. मालकांनी सगळ्या कामगारांसमोर म्हाताऱ्याला उभं केलं आणि म्हणाले, “याच्या हातालाच कीड आहे.” मी शेजारीच होते. हातातल्या नकाशाची गुंडाळी उगाच घट्ट करत राहिले. त्या क्षणाचा मला आजही संताप येतो, आणि मालकांपेक्षा माझाच जास्त येतो.

मग लोखंडी पाइप आले. त्यांना बांबूचा रंग दिला. मालक अजूनही पाहुण्यांना स्थानिक साहित्य म्हणून तेच दाखवतात.

मोहर्ली गाव ते केवढंसं! हाताला कीड असल्याचं ते वाक्य त्याच संध्याकाळी घरोघरी पोचलं होतं. त्या हंगामात म्हाताऱ्याच्या शेजारच्या मुलीचं लग्न झालं. मांडव घालायला दुसऱ्या गावचा माणूस आला.

हे कळलं तशी मी चंद्रपूरच्या घरून गाडी काढली. म्हातारा अंगणात सापळा विणत होता. मी म्हणाले, “भाऊ, चूक तुमची नव्हती. आमची होती.”

त्याने मान वर केली नाही. “मले काऊन सांगून राह्यल्या बाई? मले त मालूमच हाये. तिकडे सांगा.” हातातल्या बांबूच्या कामटीने त्याने चहाची टपरी दाखवली.

टपरीवर दहाबारा माणसं होती. मी उभी राहून मोठ्याने सांगितलं, बांबू पौर्णिमेला तोडायला आम्ही लावलं, भाऊ नको म्हणत होते.

चहावाल्याने गाळणी बाजूला ठेवली. “मंग तवा काऊन नाई बोलल्या?”

“पाटीवर माझं नाव लागणार होतं,” मी म्हणाले.