पाच पेल्यांची उतरंड

रविवार, सात डिसेंबर. काम : स्वयंपाकघरातल्या फळीवरची पाच पेल्यांची उतरंड कायमची मोडणे आणि तिथं मिक्सर ठेवणे.

ही उतरंड माझ्या सासूबाईंची. आम्ही सास्तूरचे. भूकंपात गाव पडलं, नवं वसलं. पण सासूबाई अजून रोज झोपताना फळीवर एकावर एक पाच पेले पालथे रचतात. जमीन हलली की पेले वाजणार. पेले वाजले की हाताला लागेल ते माणूस धरायचं आणि मोकळ्यात पळायचं. (दागिने, भांडी, चप्पल काही नाही. माणूसच!) मी येडशीची. सून होऊन आले ती भूकंपानंतर सहा वर्षांनी. तेव्हापासून हा नियम इतक्यांदा ऐकलाय, की माहेरच्या कुळाचारापेक्षा तोच जास्त पाठ आहे. पेले आजवर दोनदाच वाजले. दोन्ही वेळा मांजर!

नळदुर्गच्या अलीकडं हायवेला नवं शैक्षणिक उद्यान झालंय आणि तिथं बटण दाबून भूकंप दाखवतात, असं माझी मुलगी सई शाळेतून ऐकून आली. मी संधी साधून सासूबाईंना म्हटलं,

"आत्याबाई, एकदा बघून घ्या. आतली मोटर दिसली की भीती जाते. मग उतरंड बंद. कबूल?"

"आन तूच भ्यालीस तर?"

"मी?" मी इतकी हसले, की ह्यांनी पेपर खाली केला. "मी भ्याले तर उतरंड मी रचीन. रोज!"

ह्यांनी पेपर पुन्हा वर घेतला. (संसारात त्यांनी शिकून घेतलेली एवढी एकच गोष्ट.) मी मिक्सर फळीवर ठेवूनच घराबाहेर पडले. निकालाची खात्री होती.

उद्यानाच्या दारात पाटी होती, ‘हाताळा आणि शिका’. तिच्याखाली दुसरी, ‘कशालाही हात लावू नये’. सूर्यमालेतल्या शनीचं कडं गळून पडलेलं. सिमेंटच्या डायनासोरच्या सावलीत एक कुटुंब धपाटे खात बसलेलं. साऱ्या उद्यानात काही कामाचं चाललं होतं ते तेवढंच.

भूकंपाची खोली सगळ्यात शेवटी. आत खुर्च्या, खोटी खिडकी, भिंतीला फळी आणि फळीवर चक्क स्टीलचे पेले! दाराशी टाय लावलेला एक तरुण रिमोट घेऊन उभा. त्याच्या शेजारच्या खुर्चीत मी, माझ्या पलीकडं सई, मग सासूबाई, मग हे.

"घाबरू नका," टायवाला म्हणाला. "तुम्हाला भूकंपाचा अनुभव नसेल..."

"कुठले तुमी?" सासूबाईंनी विचारलं.

"पुण्याचा."

"व्हय का. चालू द्या मग."

दिवे गेले. खालून घुर्र झालं. इथवर मी ठीक होते. "बघ, मोटर आहे," असं सईला सांगितलंसुद्धा. आणि पेले वाजले.

पुढचं मी केलं नाही, माझ्या हातापायांनी केलं. हाताला लागेल ते माणूस धरलं आणि पळाले. खुर्चीखाली काढलेली चप्पल घेतली नाही. नियम तंतोतंत! पार्किंगच्या मैदानात पोचल्यावर वळून पाहिलं, तर मुठीत सईचं मनगट नव्हतं. टायवाल्याचं होतं.

"बाई, सोडा! रिमोट माझ्याकडं आहे!"

"असू दे! जीव वाचला ना?"

"अहो, आतला भूकंप कोण बंद करणार?"

खरंच, आतून खडखडाट चालूच होता. त्यानं तिथूनच चारदा बटण दाबलं. भिंतीपलीकडं ते चालेना. तो आत जायला वळला, तर मी सोडीना. "आत जायचं न्हाय! धक्का परत येतो!" वाक्य सासूबाईंचं, आवाजही त्यांचाच, तोंड फक्त माझं!

धपाटेवालं कुटुंब धावत आलं. "काय झालं हो?"

"भूकंप झालाय!" मी ओरडले.

त्यांनी पायाखाली बघितलं. जमीन स्वस्थ होती.

शेवटी दोन पहारेकऱ्यांनी माझी मूठ सोडवली आणि टायवाल्यानं आत जाऊन भूकंप थांबवला. खरा भूकंप काही सेकंदांचा असतो; माझ्या कृपेनं हा दहा मिनिटं चालला. आत हे खुर्चीला गच्च धरून, डोळे मिटून बसलेले. सई खिदळत होती. आणि सासूबाई? ओच्यातल्या शेंगा सोलून तिला दाणे देत होत्या.

"आज्जी, तुम्हाला भीती नाही वाटली?" टायवाल्यानं मनगट चोळत विचारलं.

"ह्याची? आमच्या गावची गिरणी लई हलती ह्याच्यापरीस. आन खरा आला तो, बाबा, पाटी लावून आला न्हवता."

सासूबाईंनी माझ्या अनवाणी पायांकडं बघितलं.

"नियम बराबर पाळलास, मंगल. फकस्त माणूस आपलं धरायचं असतंय."

परतीच्या वाटेवर हे मधूनमधून खिडकीकडं तोंड करून खोकत होते. (त्यांना खोकला नाही.)

सोमवारी सकाळी उठल्याबरोबर मी मिक्सर उतरवला, फळी पुसली आणि पेले रचायला लागले.

"अगं, ती झोपताना रचायची असती," सासूबाई म्हणाल्या.

"का? दिवसा भूकंपाला सुट्टी असते?" मी विचारलं आणि सातवा पेला ठेवला.