पाईप आणि ताडपत्रीचं विमान

भूकंपाच्या आधी लातूरच्या औसा रोडवर एका वेल्डिंगच्या दुकानात विमान बांधलं जात होतं. दुकानाचे मालक ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि ट्रकच्या बॉड्या करून देत. आख्खा रस्ता त्यांना चाचा म्हणायचा, मीही तेच म्हणे. विमान एका माणसापुरतं होतं. लोखंडी पाईपचा सांगाडा, पंखांवर ताणलेली ताडपत्री, चालकाच्या पाठीमागे भंगारातून आणलेलं मोटारीचं इंजिन आणि त्याला लाकडी पंखा. इंजिन सुरू करून झालं होतं. दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत ते चाकांवर थोडं पळालंही होतं. उडवून पाहायचं तेवढं राहिलं होतं. पीक निघालं की ओळखीच्या एका शेतकऱ्याचं रान त्यासाठी मिळणार होतं.

पीक निघण्याआधी भूकंप झाला. मी तेव्हा एका दैनिकाच्या लातूर कार्यालयात नवा होतो. मदतीच्या गाड्या कुठून काय घेऊन निघतात याची बातमी करत फिरताना त्या दुकानापाशी थांबलो. चाचा विमान कापत होते. गावांमध्ये निवाऱ्यासाठी पाईप आणि ताडपत्री लागत होती, बाजारात दोन्ही मिळेनासं झालं होतं, आणि त्यांच्या दारात दोन्ही तयार उभं होतं.

मी विचारलं, "वाईट वाटत असेल?"

"लोकं उघड्यावर हायेत, भाऊ," ते म्हणाले. "जरा बाजूला व्हा, ठिणगी उडंल."

बातमीत मी विमानाबद्दल दोन वाक्यं लिहिली होती. छापून आली तेव्हा ती नव्हती. त्या दिवशी अंकात जागाच नव्हती.

पुढे लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. गावोगावची मुलं-मुली खोल्या घेऊन राहू लागली आणि चाचांच्या दुकानात ट्रॉल्यांच्या जागी लोखंडी कॉट, बेंच, पुस्तकांचे रॅक दिसू लागले. दुकान वाढलं, हाताखाली माणसं आली. शेजारच्या चहाच्या टपरीवर मात्र एक विषय हटला नाही.

"चाचा, उडलं असतं का हो तुमचं विमान?"

"उडलं असतं."

"हाव, उडलं असतं. खाली कसं आलं असतं ते सांगा की!"

टपरी हसायची. हसण्याचा चाचांना राग नव्हता. मी निघालो की ते कधी कधी रस्त्यापर्यंत सोबत येत. एकदा ते म्हणाले, "मी दरवेळी ठासून सांगतो, भाऊ. पण मला तरी कुठं ठाऊक हाय?" थोडं चालून परत म्हणाले, "मरायच्या आधी तेवढं कळाया पायजे."

काही वर्षांनी माझी नांदेडला बदली झाली. घरी संगणक घेतला आणि त्यावर विमान चालवण्याचा सिम्युलेटर टाकला. तयार विमानं उडवण्यात मला फार गोडी वाटली नाही. त्यात आपलं स्वतःचं विमान बांधायची सोय होती, तिच्यात मी गुंतलो. पंखांची लांबी-रुंदी, शेपटीचं अंतर, इंजिनाची ताकद, कुठल्या जागी किती वजन, हे सगळं भरलं की त्या आकाराचं विमान हवेत कसं वागेल याचा हिशेब सिम्युलेटर करत असे. आपली हौस किंवा इच्छा त्यात कुठेच भरता येत नव्हती.

लातूरला गेलो तेव्हा चाचांना हे सांगितलं. त्यांनी वेल्डिंगची काच डोळ्यांवरून काढून बाजूला ठेवली.

"म्हंजी माझं टाकलं तर उडलं असतं का न्हाई ते सांगंल?"

"मापं खरी असली तर सांगेल."

"मंग टाका. पण माझ्या बाजूनं काही घालायचं न्हाई. जसं होतं तसंच."

विमान राहिलं नव्हतं, पण भूकंपानंतर एका गावात त्याच्या पाईपांची केलेली निवाऱ्याची शेड अजून उभी होती. आम्ही चाचांच्या टेम्पोने त्या गावी गेलो. लोक कधीच नव्या वसाहतीत राहायला गेले होते आणि शेड एका बाईंच्या म्हशीला मिळाली होती. ताडपत्रीच्या जागी पत्रे होते. पाईप मात्र तेच होते आणि त्यांच्यावर कापल्या-जोडल्याच्या खुणाही होत्या. चाचा त्या खुणांवरून अंगठा फिरवत आणि सांगत, "हा डाव्या पंखाचा. ह्यो शेपटीचा, हितं मी कापला." मी टेप धरत होतो.

बाई पाण्याची बादली घेऊन आल्या. "काय करून राहिले हो?"

"विमान मोजून राहिलो," चाचा म्हणाले.

"माझ्या गोठ्यात?"

"हाव मावशी. तुमची म्हैस पंखाखाली बांधलेली हाय."

बाईंनी वर पत्र्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "मोजा बापा. पण शेड न्यायची न्हाई. तिला उघड्यावर बसायची सवय न्हाई."

एकाच्याच सांगण्यावरून आकडा छापायचा नाही, ही वृत्तकक्षातली शिस्त मी या कामाला लावली. टेपने घेतलेलं माप आणि चाचांच्या आठवणीतलं माप जुळलं तरच ते संगणकात जाई. जुळलं नाही तर मी लातूरला फोन लावी. बराच वेळ पलीकडून नुसता ग्राइंडरचा आवाज येई, आणि मग माप येई. ताडपत्रीचं वजन दुकानात जाऊन करून घेतलं, इंजिनाचं एका गॅरेजवाल्याने सांगितलं आणि दुसऱ्याने पक्कं केलं. चालकाचं वजन विचारलं तेव्हा फोनवर मागून चाचींचा आवाज आला, "तवाचं टाका म्हणावं. आत्ताचं टाकलं तर ट्रक लागंल."

सिम्युलेटरला विमानाचं अंग बंद नळीसारखं हवं होतं. चाचांचं विमान नुसता उघडा सांगाडा होता. प्रत्येक पाईप वेगळा धरून, बारीक नळ्या एकमेकींना जोडत मी तो उभा केला. पंखांसाठी धान्याच्या मोंढ्यात उभ्या असलेल्या एका ट्रकच्या ताडपत्रीचा फोटो काढून आणला आणि तोच त्यांच्यावर चढवला. काम संपायला महिने लागले. नोकरी सांभाळून होत होतं आणि अर्ध्यावर सोडायचं नव्हतं.

शेवटी एका रविवारी चाचा आणि चाची एसटीने नांदेडला आले. "अहमदपूरला गाडी थांबली तरी हे चहाला उतरले न्हाईत," चाचींनी आल्या आल्या सांगितलं. चाचांनी खुर्ची संगणकासमोर ओढली. स्क्रीनवर त्यांचं विमान होतं. बोट काचेजवळ नेऊन त्यांनी एकेक जोड तपासला आणि मान हलवली.

"चालवा."

पहिल्यांदा मी चालवलं. विमान पळालं, वेग आला, आणि एकदम नाक वर उचललं गेलं. शेपूट जमिनीला घासलं. विमान उभं होत वर गेलं, हवेत थबकलं आणि मागच्या मागे पडलं. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा मी सावकाश वेग दिला, तरी तेच.

"मी तर तवाच म्हणले होते," चाची म्हणाल्या.

"दुकान टाकलं तवा बी तू असंच म्हणली होतीस," चाचा म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "का पडतंय?"

मी विमान बाजूने दाखवलं. सगळं वजन जिथे तोललं जातं तो बिंदू सिम्युलेटर दाखवत असे. तो पंखांच्या फार मागे होता. इंजिन मागे, टाकी मागे आणि चालकाची जागाही मागे सरकलेली. चाचांनी त्या बिंदूवर बोट ठेवलं.

"ट्रकचं डोकं लावलं मी," ते म्हणाले. "माल मागल्या चाकावर बसला की गाडी रस्ता धरती. जनमभर तेच केलं. हितं बी तेच केलं."

चाची हळूच म्हणाल्या, "मंग पाईप कापले ते बरंच झालं की."

"त्याच्यासाठी कापले न्हवते."

चाचींनी डब्याची पिशवी जवळ ओढली.

मी टाकी आणि चालकाची जागा पुढे घेतली आणि पुन्हा चालवलं. विमान जड अंगाने उठलं, वर गेलं, हळूहळू वळलंही. चाचींनी टाळी वाजवली. मी ते साठवायला गेलो तेव्हा चाचांनी माझं मनगट धरलं.

"हे जुन्याच्या जागी जाईल का?"

"हो."

"मंग नको. वेगळं ठेवा. हे तुम्ही बनवलं. मी बनवलं ते जुनं. ते लावा, मी बसतो."

त्यांनी त्याआधी जॉयस्टिकला हात लावला नव्हता. वेल्डिंगची दांडी धरावी तशी त्यांनी ती धरली. पहिली बरीच उड्डाणं पडली. प्रत्येक वेळी ते फक्त "परत" म्हणत आणि मी विमान पुन्हा धावपट्टीवर आणून ठेवी. चाचींनी डबा उघडून दोनदा जेवायला बोलावलं, मग स्वतः जेवून घेतलं. चाचा दर खेपेला एकच गोष्ट थोडी बदलून पाहत होते. कधी वेग कमी, कधी दांडी आधीच पुढे. पडलं की कुठे पडलं ते पाहत आणि पुढच्या खेपेला तिथेच लक्ष ठेवत.

दुपार कलली तेव्हा ते इंजिन निम्म्यावर ठेवून, दांडी अगदी पुढे दाबून विमान पळवत होते. नाक वर यायला बघत होतं आणि येत नव्हतं. मग खालची सावली चाकांपासून सुटली. विमान जमिनीलगत, डुलत, धावपट्टीच्या टोकापर्यंत गेलं. तिथे त्यांनी इंजिन कमी केलं. ते खाली बसलं आणि थांबलं. मोडलं नाही.

चाचांनी लगेच आणखी एकदा तसंच करून पाहिलं. जमलं. मगच त्यांनी हात काढला आणि बोटं चोळली.

"झालं?" चाचींनी विचारलं.

"झालं." त्यांनी खुर्चीवरून वाकून फरशीच्या वर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, तळहात आडवा धरला. "एवढं उडलं असतं. ह्याच्या वर गेलो असतो तर मेलो असतो."

त्यानंतरही टपरीवर तो प्रश्न निघतोच. चाचा आता तोंडाने उत्तर देत नाहीत. वाकून हात तेवढाच धरतात. मी तिथे असताना त्यांनी तो कधी वर नेलेला नाही.