खाडीतले फ्लेमिंगो

हजीऱ्याच्या खाडीत भरतीचं पाणी माझ्या नवऱ्याच्या गुडघ्यांवर चढलं, तरी ते पाठमोरे उभे राहून दुर्बिणीतून फ्लेमिंगो बघत होते. कारखान्यातल्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खडखडाटाने त्यांचे कान गेले होते, त्यामुळे काठावरून मारलेल्या माझ्या हाका फुकट गेल्या.

ते चिखलात उतरताना मी त्यांना अडवलं होतं. "इथे काठावर बगळे आहेत, ते बघा की."

माझे ओठ वाचून ते म्हणाले, "बगळे इथलेच, रोज दिसतात. हे पाहुणे उद्या निघून जातील."

थवा उडाला तेव्हा ते वळले. कारखान्यात लूम थांबवायला करायचो, तीच खूण मी हाताने केली: आता बस, परत या. त्यांना कळली, पण पाय रुतले होते. मी साडी सोडून तिचं टोक फेकलं. ते पोहोचलं नाही, आणि पाणी चढतच गेलं.

आम्हा दोघांपैकी काठावरची मी तेवढी उरले.