शेषेरावांच्या नावाचा रांजण

चतुराबाईचा राग चाकूरच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होता, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा तिचंच बरोबर असायचं.

नवरा शेषेराव गेला. पुढच्या उन्हाळ्यात मुलानं, भागवतनं, आपल्या खताच्या दुकानापुढं वडिलांच्या नावानं पाणपोई घातली. मोठा रांजण, त्यावर पांढऱ्या रंगात नाव, हार, नारळ, फोटो. चांगलंच केलं. पण पावसाळा लागला, पाणी पिणारे पांगले आणि रांजण तसाच अर्धा भरलेला राहिला. पुण्याची हौस उन्हाळ्यापुरतीच!

"भागवता, त्यात अळ्या वळवळून राहिल्यात. पाणी ओत, आतून घास आन् पालथा घाल," चतुराबाईनं बजावलं.

"माय, अण्णाच्या नावाचा रांजण पालथा घालू? अपशकुन हाय त्यो. लोक काय म्हणतील?"

ती भांडली. स्वतः ओतायला गेली, तर यानं हात धरला. घराच्या खिडक्यांना मात्र जाळ्या ठोकून हा शहाणा मोकळा झाला. डास रात्रीच चावतात, असं यानं परस्पर ठरवून टाकलेलं. आणि याची मुलगी ऋतुजा शाळेतून आली की दिवस मावळेपर्यंत दुकानात, त्या रांजणाशेजारीच अभ्यासाला बसायची.

तिला डेंग्यू झाला. लातूरच्या दवाखान्यात पोरीच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, तेव्हा भांडखोर चतुराबाई भांडण बाजूला ठेवून तिच्या उशाशी बसून राहिली. डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं आणि दाबून ठेवलेला सगळा संताप उसळून वर आला. सुनेला पोरीपाशी बसवून, कपडे आणायला निघालेल्या भागवतबरोबर तीही बसमध्ये चढली. रस्ताभर त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

दुकानापुढं शेजारच्या दानम्माची नात रांजणाला टेकून खेळत होती. चतुराबाईनं तिला उचलून बाजूला ठेवलं, दुकानातली पहार आणली आणि घातली रांजणावर. पाणी भागवतच्या पायांवरून वाहत गेलं. त्यात अळ्या अजून वळवळत होत्या.

"माय, अण्णाचं नाव हाय गं त्याच्यावर!" भागवत रडकुंडीला आला.

"म्हणून तर फोडून राहिले!" तिनं पुन्हा पहार उचलली. "त्या नावानं लेकरू गेलं असतं, तर मी त्ये नाव कोन्च्या तोंडानं घेतलं असतं रं?"