गायीच्या पत्त्यातले विसर्ग

माझे वडील, म्हणजे आमचे नाना, जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आणि दिंडोरीजवळच्या शेतावर राहायला गेले. निवृत्त शाळेतून झाले, शुद्धलेखनातून नाही. लग्नपत्रिका हातात आली की नवरानवरीच्या नावांआधी ते ऱ्हस्व-दीर्घ बघतात, आणि चूक सापडली तर ती दुरुस्त करून मुलीच्या बापाच्या हातात परत देतात. आई गेल्यापासून शेतावर ते आणि एक गाय, एवढाच संसार.

गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. बांधावर उभ्या असलेल्या फवारणीच्या ट्रॅक्टरला त्यांनी "या, बसा" म्हटलं, असं शेजारच्या काकूंनी मला फोन करून सांगितलं. डॉक्टरांनी बजावलं, आणखी थांबलात तर अवघड होईल. मी म्हटलं, "नाना, शहरात गंगापूर रोडला माझ्याकडे या. एकेक करून दोन्ही डोळे करून टाकू."

"आणि गाय?"

"काकू बघतील की."

"ती माझ्या हाताशिवाय खात नाय."

आता या गायीला मी चांगली ओळखते. तिने आमच्या अंगणात वाळत घातलेली माझी नवी ओढणी खाल्ली होती, तेव्हा कोणाच्या हाताची वाट पाहिली नव्हती. पण नानांसमोर गायीबद्दल वाईट बोलायची सोय नाही. शेवटी मी तोडगा काढला. गोठ्यात कॅमेरा लावू, माझ्या घरी बसून रोज बघा. नाना कबूल झाले, पण अट घातली. आधी तुझ्या मोबाइलवर गाय दिसू दे, मग मी पिशवी भरतो.

कॅमेरा होता माझ्या भावाच्या दुकानातून काढलेला जुना; त्यानेच तो गोठ्यात बसवून दिला. त्याचं अ‍ॅप केव्हाच बंद पडलं होतं, त्यामुळे इंटरनेटवरचा त्याचा पत्ता टाकूनच तो उघडायचा. मी टाकला. गाय नाही. पुन्हा टाकला. गायीचा पत्ता असून गायीचा पत्ता नाही! मी चिडून गावात इंटरनेट देणाऱ्या माणसाला फोन लावला.

"ताई, बाहेरून नाय दिसायचा. जुन्या पद्धतीचे पत्ते संपले."

"संपले म्हणजे? आणा की नवीन."

"पार जगातलेच संपले ना. आता सगळ्या गावाला मिळून एकच पत्ता हाय. आतून बाहेर जाता येतं, पण बाहेरून कोणी आलं तर त्याला कोणाच्या घरात न्यायचं, ते कळत नाय."

मी हे नानांना फोनवर सांगितलं; वाटलं, ते हबकतील. ते म्हणाले, "त्यात काय? आपलं पण तसंच आहे. मुक्काम पोस्ट अमुक, तालुका दिंडोरी. घराचा नंबर कोणी लिहितं का? तरी पत्र येतंच." आता इंटरनेटला गावचा पोस्टमन नसतो, हे त्यांना कोण सांगणार?

इंटरनेटवाल्याने मग नव्या पद्धतीचा पत्ता देतो म्हणून सांगितलं. नवे पत्ते म्हणे इतके आहेत की गोठ्यातल्या प्रत्येक खुंट्याला एकेक देऊनही उरतील. मग सगळ्यांना आधीच का नाही दिले, असं विचारलं तर म्हणाला, "हळूहळू चाललंय, ताई. वर्षानुवर्षं चाललंय." थोडक्यात, जुन्या आणि नव्या पेन्शनसारखा प्रकार. अर्धे इकडे, अर्धे तिकडे, आणि दोघांचं एकमेकांशी जमत नाही.

तो शेतावर गेला, कॅमेरा नव्या पत्त्यावर आणला, आणि तो पत्ता त्याने नानांना तोंडी सांगितला. नानांनी मोबाइल नाकाला लावून तो टाइप केला आणि मला मेसेज केला. पत्ता कसला, आकडे आणि इंग्रजी अक्षरं यांची मालगाडीच होती, आणि दर डब्यानंतर दोन टिंबं. मी तो जसाच्या तसा उचलून टाकला. गाय नाहीच. उलट माझ्या मोबाइलने मला राशिभविष्य दाखवलं.

मी त्या माणसाशी भांडले. तो माझ्याशी भांडला. शेवटी त्याने एकेक अक्षर ताडून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, शेवटाकडे चार टिंबं पाहिजेत. तुमच्यात दोनच हायेत."

मी नानांना फोन केला.

"चारच सांगितली होती त्याने," नाना शांतपणे म्हणाले. "मी दुरुस्त केली. लागोपाठ दोन विसर्ग कुठल्याही भाषेत येत नाहीत."

"विसर्ग?"

"दोन टिंबं म्हणजे विसर्गच ना? इंग्रजी अक्षरं लिहायची, मग मराठी कीबोर्ड काढायचा, विसर्ग द्यायचा, पुन्हा इंग्रजी. लय वेळ गेला माझा."

मी पतसंस्थेत काम करते. तिथल्या कॉम्प्युटरवर तो मेसेज मोठा करून पाहिला, तेव्हा टिंबांच्या प्रत्येक जोडीला एक तुटक रेघेचं वर्तुळ चिकटलेलं दिसलं. विसर्गाला बिचाऱ्याला टेकायला मराठी अक्षर मिळालं नव्हतं. मी इतकी हसले की काउंटरवरचे आजोबा पासबुक घेऊन दोन पावलं मागे सरकले. मग सगळे विसर्ग काढले, साधी टिंबं दिली, आणि शेवटाकडे चार. नानांना सांगितलं की तिथे मधली शून्यं गाळलेली असतात, म्हणून चार. "मग गाळलेल्याच्या जागी अवग्रह पाहिजे," ते म्हणाले आणि रागाने फोन ठेवला.

पण गाय दिसली. पाठमोरी, शेपटी हलवणारी, पण दिसली. नाना पिशवी घेऊन आले.

आमच्या बिल्डिंगचं इंटरनेट अजून जुन्याच पत्त्यांवर, मोबाइलचं नेट मात्र नव्या. त्यामुळे शहरातलं वायफाय बंद केलं तरच खेड्यातली गाय दिसायची. ऑपरेशन होईपर्यंत नानांना पडद्यावर तपकिरी धुकं दिसत होतं, आणि ते त्या धुक्याकडे बघून "हडकली बिचारी" म्हणत होते. मी रोज मान डोलवत होते.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं. पट्टी निघाली त्या सकाळी त्यांनी चहाच्या आधी मोबाइल मागितला. पडद्यावर काकू आल्या, टोपलं खाली ठेवलं. गायीने काकूंच्या हातातलं गवत ओढून घेतलं, मग टोपल्यात तोंड घातलं, मग काकूंचा पदर चाटला. नाना बघतच राहिले. मला गायीचा इतका राग आला की समोर असती तर मी तिला ओढणीसकट सगळं ऐकवलं असतं.

"नाना, भूक लागली असेल तिला. म्हणून खातेय."

"जाडजूड झालीय," ते म्हणाले. "लय स्वच्छ दिसतं आता."

त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि खिडकीबाहेर बघत बसले. तिकडेच बघत म्हणाले, "दुसऱ्या डोळ्याचं पण करून घेऊ. मला काही घाई नाय घरी जायची."

मी वायफाय चालू केलं आणि चहा टाकायला उठले. त्यांच्यासमोर रडू आलेलं मला चाललं नसतं.