मास्तरांपुढे वाचलेलं शुभवर्तमान

पन्नाशी उलटली तरी तिला सगळे धाकटीच म्हणत. माहेरी पाच भावंडांत ती शेवटची, सासरी आली तर तिथेही सगळ्यांत लहान, आणि नवरा तर तिच्याहून कितीतरी मोठा. मोठं व्हायला तिला कुणी जागाच ठेवली नव्हती.

नवऱ्याला सगळे मास्तर म्हणत. शाळेत गणित शिकवायचे, रविवारी चर्चच्या मंडळीत गाणी सांगायचे. आवाज असा, की मागच्या बाकावर डुलक्या घेणारा म्हातारा दचकून उभा राहायचा. शास्त्रवचनं तोंडपाठ. दूध उतू गेलं तरी वचन, पाहुणे उशिरा आले तरी वचन. धाकटीला येशू ठाऊक होता तो असा, मास्तरांच्या तोंडून आलेला. तिला तो मास्तरांसारखाच वाटायचा. चुका मोजणारा, सहसा न हसणारा. ती त्याला रोज नमस्कार करायची आणि जमेल तेवढी लांब राहायची.

एका सकाळी दाढी करताना मास्तर बेसिनपाशी कोसळले. जीव वाचला, पण उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. एवढ्या मोठ्या शब्दभांडारातून एकच शब्द शिल्लक राहिला. ‘नाही.’

“चहा देऊ का?”

“नाही,” म्हणायचे आणि डावा हात कपाकडे न्यायचे.

त्यांच्यासाठी वरखाली होणारी लोखंडी खाट आणली. ती इतकी मोठी निघाली की बाहेरच्या खोलीचं दार अर्धंच उघडू लागलं. धाकटी आडवी होऊन बाहेर पडायची आणि दूध घेऊन तशीच आत शिरायची. खाटेच्या पायथ्याशी तिचं शिलाई मशीन. पँटच्या चेन बदलणं, उंची कमी करणं, फाटल्या कॉलरी उलटवणं अशी कामं लोक दारातूनच देऊन जात. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती. मशीन थांबलं की मास्तरांचा डावा हात खाटेच्या दांडीवर आपटायला लागायचा.

मंडळीतल्या बायका यायच्या. “प्रभूची इच्छा गं बाई. तो सोसायला बळ देतो,” म्हणायच्या आणि चहा पिऊन जायच्या. धाकटी मान हलवायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तिचा थोरला भाऊ येऊन स्पष्टच म्हणाला, “यांना एखाद्या संस्थेत ठेवू. तू घरी चल. किती दिवस अशी कोंडून राहणार?” ती त्याचा कप उचलून विसळायला गेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

वाचेचे आणि हातापायांचे व्यायाम घ्यायला एक तरुण बाई यायची. ती म्हणाली, “यांना जे पाठ होतं, ते रोज मोठ्यानं वाचा. जुने शब्द आत कुठेतरी असतात.”

म्हणून धाकटीनं मास्तरांचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं. मास्तरांनी लाल पेन्सिलीनं खुणा केलेली वचनं तिला नको होती, ती आयुष्यभर ऐकून झाली होती. येशूची कथा सांगणारी चार शुभवर्तमानं त्यात होती, त्यांतलं पहिलं तिनं पहिल्या ओळीपासून घेतलं. पहिल्याच पानावर येशूच्या पूर्वजांची ही लांबलचक नावं. ती अडखळायची, मास्तर दांडी बडवायचे. “तुम्हीच वाचा मग!” ती वैतागून म्हणाली, आणि लगेच जीभ चावली.

पण ती वाचत राहिली. दुपारची भांडी झाली की वाचायची, एक शुभवर्तमान संपलं की पुढचं. तुकड्यातुकड्यांनी ऐकलेला माणूस आता सलग दिसू लागला. तो दमत होता. होडीत उशी घेऊन गाढ झोपत होता. लोक लेकरांना हाकलत होते तर त्यांच्यावर रागावत होता. हे मास्तरांनी कधी सांगितलंच नव्हतं.

मग ती बाग आली. पकडले जाण्याआधी येशू जमिनीवर पडून स्वर्गातल्या बापाला विनवतो, की होईल तर हे भोगणं माझ्यावरून टळू दे. मित्रांना जागं राहायला सांगतो आणि ते झोपतात. धाकटी वाचता वाचता थांबली. हे तिनं उपासनेत कितीदा ऐकलं होतं, पण तेव्हा तिच्या घरात खाट नव्हती. यालाही नको होतं! आणि त्यानं ते तोंडानं सांगितलं.

तिनं पुस्तक मांडीवर ठेवलं. “प्रभू, मलाही नकोय,” ती मोठ्यानं म्हणाली. “हे हगणं-मुतणं नकोय, ही भिंत नकोय. मला कंटाळा आलाय, आणि यांचा रागही येतो.”

मास्तर टक लावून बघत होते. तिला वाटलं, आता दांडी वाजणार. वाजली नाही. तिला पहिल्यांदा वाटलं, की आपली प्रार्थना खरी झाली.

त्यानंतर ती येशूशी तशीच बोलू लागली, कपडा बेततानासुद्धा. भांडायचीही. शेवटच्या शुभवर्तमानात वर्षानुवर्षं पडून असलेल्या माणसाला तो विचारतो, तुला बरं व्हायचं आहे का? “हा काय प्रश्न झाला?” धाकटी चिडली. “पडलेल्या माणसाला असं विचारतात?” दोन दिवस तिनं पुढचं पान उलटलं नाही. मग तिच्या ध्यानात आलं, की मास्तरांना हे कुणीच विचारलेलं नाही. व्यायामाची बाई आली की ते तोंड फिरवायचे, आणि ती मुकाट्यानं बाईला परत पाठवायची.

ती खाटेजवळ गेली. “अहो, तुम्हाला बरं व्हायचंय का?”

“नाही.”

“तुमचा चहाचा ‘नाही’ मला कळतो. हा कुठला?”

मास्तरांचा चेहरा वाकडा झाला. ते रडत होते, आवाज न करता. इतक्या वर्षांत तिनं हे कधी पाहिलं नव्हतं. “मला भीती वाटते तशी तुम्हालाही वाटते होय?” ती म्हणाली. त्यांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं, आणि बराच वेळ सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी व्यायाम केला. दर वेळी पाय उचलताना “नाही, नाही” म्हणत होते, पण उचलत होते. काठीनं बेसिनपर्यंत जाण्याइतकी मजल पुढे त्यांनी मारली, त्यापलीकडे नाही. वाचा आली नाही.

मंडळीच्या बायका पुन्हा आल्या आणि प्रभूच्या इच्छेवर गाडी आली, तेव्हा धाकटी म्हणाली, “त्याची इच्छा मला तो सांगेल. तुम्ही दर गुरुवारी दुपारी यांच्यापाशी बसाल का? मला बाहेर जायचंय.” बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी एक बेकरीवाली म्हणाली, “मी बसते. पण मला वाचता येत नाही नीट.”

“यांना ऐकवायला तुमच्या बेकरीतल्या गोष्टी चालतील,” धाकटी म्हणाली.

गुरुवारी ती खाली उतरली. कुठे जायचं हे ठरलंच नव्हतं. कोपऱ्यापर्यंत गेली, दुकानांच्या काचांत डोकावली, एका बाकावर बसली. मन मागे, वर घराकडे धावत होतं. यांनी पाणी मागितलं तर बेकरीवालीला कळेल का? ती तासाभरानं परत जाणारच होती, त्याच दोन खोल्यांत, त्याच भिंतीसमोर. “त्या बागेत तूही माझ्यासारखाच अडकला होतास ना?” ती येशूला हळूच म्हणाली. शेजारी बसलेल्या बाईनं चमकून पाहिलं, आणि थोडी सरकून बसली.