रुमालाखालची मुरकी

क्लॅरिनेटवर मुरकी घ्यायची रीत एकच, असं मामा मला कायम ऐकवायचा. दोन शेजारचे सूर झरझर आलटून-पालटून वाजवायचे, त्याला आमच्या बँडमध्ये मुरकी म्हणतात. नवरदेव मांडवाच्या दारात घोड्यावरून उतरला की बाकीची वाद्यं थांबायची आणि मामा एकटा लांबलचक मुरकी घ्यायचा. तेवढा वेळ बायकासुद्धा गप्प उभ्या राहायच्या. जानेफळपासून देऊळगाव राजापर्यंत ती मुरकी लोकांच्या ओळखीची होती, आणि मामालाही ते पुरतं ठाऊक होतं.

वाजवताना मामा वाद्याच्या वरच्या टोकाला पांढरा रुमाल बांधायचा, दोन्ही हातांवर पडेल असा. दुसऱ्या बँडची माणसं बघ्यांत उभी राहून बोटं चोरतात, म्हणून ही पद्धत त्याच्या वडिलांपासून चालत आलेली. रुमाल फक्त मास्तरच्या हातावर. बाकीच्यांची बोटं उघडी, कारण त्यांच्याकडे चोरण्यासारखं होतंच काय? मास्तर थकला की तो रुमाल ज्याच्या हातावर टाकेल, तो पुढचा मास्तर. हे कुणी सांगायची गरज नव्हती, ढोलवाल्यापासून सगळ्यांना माहीत होतं.

शाळा सुटल्यावर आईने मला शिकायला मामाकडे ठेवलं. शिकणं म्हणजे आधी मामाचा गोठा. शेण काढायचं, पाणी पाजायचं, कडबा कापायचा, आणि त्यातून वेळ उरला तर वाद्य हातात. त्या कडबा कापायच्या यंत्रातच माझ्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर गेलं. मामाने मला मेहकरच्या दवाखान्यात नेलं, जखम भरेपर्यंत काम सांगितलं नाही, हे मी नाकारत नाही. पण नंतर आईला तो सहज म्हणाला की आता याच्या हातात झांजा देऊ. आई रडली. मी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा मामावर मनापासून चिडलो.

कारण मुरकी त्याच बोटाची. ते बोट वरच्या चावीवर नाचवायचं, सगळे तसंच घेतात. माझं थोटं बोट खालचं भोक कसंबसं झाकायचं, पण वरच्या चावीपर्यंत ते पोचायचं नाही. मग मी डावा हात जागचा हलवायचाच नाही असं ठरवलं. वाद्याच्या उजव्या अंगाला दोन छोट्या चाव्या असतात, एरवी त्यांना कुणी फारसं विचारत नाही. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या मुळाशी जो सांधा असतो, त्याने मी त्या दोन्ही एकदम हलवायला लागलो. सूर किंचित चढा आणि हवा भरल्यासारखा यायचा. उरलेल्या बोटांनी खालची भोकं झाकली की तो भरायचा, आणि ओठ सैल केला की जागेवर बसायचा. हे मला गोठ्यात बैलांसमोर वाजवून वाजवून सापडलं. बैलांनी नावं ठेवली नाहीत.

मामाने ओसरीवर बसून ऐकलं. वाकड्या बोटांचे धंदे, असं म्हणून त्याने तोंड फिरवलं. मी मुरकी कशी घेतो हे बघायला तो एकदाही आत आला नाही. पण तोवर त्याचा दम कमी पडायला लागला होता आणि लांब मुरकी अर्ध्यात तुटायची. सुलतानपूरच्या एका लग्नात, नवरदेव उतरायच्या आधी, त्याने मला पुढे उभं केलं. स्वतःच्या वाद्याचा रुमाल सोडला आणि माझ्या वाद्याला बांधून माझ्या हातांवर पसरला. बँडमधली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मी मुरकी घेतली. ती मामापेक्षा लांब चालली, आणि संपल्यावर माझे डोळे भरून आले, हे मी आजही लपवत नाही.

पुढची काही वर्षं प्रत्येक वरातीत मामा तो रुमाल स्वतःच्या हाताने बांधायचा. आईने गावभर सांगून टाकलं की पोरगा मास्तर होणार. मीही तसंच धरून चाललो होतो. बोट गेल्याचं दुःखसुद्धा मला वाटेनासं झालं होतं.

एका दुपारी देऊळगाव राजाहून मुलीकडचे पाहुणे आमच्या बँडला लग्नाची सुपारी द्यायला आले. मी आतल्या खोलीत वाद्याच्या तोंडाला लावायची वेताची पत्ती घासत होतो. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने घुटमळत विचारलं की तुमच्या क्लॅरिनेटवाल्याचं बोट तुटलेलं आहे म्हणतात, आणि आमचं तर शुभकार्य.

मामा म्हणाला, "दिसत नाही ना बाप्पा. त्याच्यासाठीच त मी रुमाल टाकतो. थोटं बोट दिसलं त लोक नावं ठेवतात, हे मले समजत नाही का?"

पाहुण्यांचं समाधान झालं. त्यांनी चहा घेतला. मी पत्ती घासत राहिलो आणि ती इतकी घासली की फेकून द्यावी लागली.

त्या लग्नात मांडवाच्या दारात मी रुमाल सोडला आणि खिशात कोंबला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मुरकी सुरू झाली आणि मामा मागून आला. माझ्या खिशातून त्याने शांतपणे रुमाल काढला, मी वाजवत असतानाच माझ्या हातांवर पसरला आणि टोकं घट्ट आवळली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुरू शिष्याचा मान करतो आहे असं त्यांना वाटलं.

तो हंगाम संपला तसा मी बँड सोडला. मामाने थांबवलं नाही, आणि मास्तरकी दुसऱ्याला दिली. आता तर लग्नाला डीजे लागतो. मी मेहकरला मोटारसायकली दुरुस्त करतो. वाद्य घरी आहे, संध्याकाळी वाजवतो, दार लावून.

यंदा उन्हाळ्यात मामीचा फोन आला. मामाला लकवा झाला होता. जीव वाचला, पण डाव्या हाताची बोटं आखडली होती. येताना वाद्य घेऊन ये, असं त्याने मुद्दाम सांगायला लावलं होतं.

मामा ओसरीवर खाटेवर बसला होता. शेजारी त्याचं क्लॅरिनेट, आणि डावा हात मांडीवर, कुणी आणून ठेवल्यासारखा. बोलणं जड झालं होतं, तरी कळत होतं. "डाव्या बोटाशिवाय कशी घेतो बे तू ते मुरकी? मले दाखव. मी पाह्यलीच नाही कधी."

पाहिली नव्हती हे खरंच होतं. मी वाद्य जोडलं. खाटेच्या दांडीवर त्याचा धुतलेला रुमाल वाळत होता. तो घेतला, वाद्याला बांधला, दोन्ही हातांवर नीट पसरला, आणि मुरकी घेतली. दम पुरेपर्यंत घेतली. तो रुमालाकडे डोळे लावून बसला होता, आत काय हलतंय ते कापडावरून ओळखायला बघत होता.

"रुमाल काढ ना," तो म्हणाला.

"लोक नावं ठेवतात, मामा."

आतून मामी बाहेर येता येता थांबली. मी रुमाल सोडला, त्याची घडी केली आणि खाटेवर ठेवून वाद्य पेटीत भरलं. दारातून वळून बघितलं तेव्हा त्याने ती घडी उजव्या हाताने उलगडली होती आणि आपल्या डाव्या हातावर घालत होता.